गावच्या वाचनालयाने परदेशाशी नाते कसे जोडावे

सांस्कृतिक राजनय, म्हणजे संस्कृतीच्या देवाणघेवाणीतून देशांशी नाते जोडणे, म्हटले की राजदूत, परिषदा आणि सरकारी खर्चाने दौऱ्यावर निघालेली नृत्यपथके डोळ्यांपुढे येतात. या कामाचा बराच मोठा आणि टिकाऊ भाग मात्र वाचनालयांतून झालेला आहे. ज्यांचे बालपण १९७० किंवा १९८०च्या दशकात महाराष्ट्रात गेले, त्यांना मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा या प्रकाशनसंस्थांनी मराठीत छापून पाठवलेली पुस्तके आठवत असतील. किंमत अगदी कमी, बांधणी मजबूत आणि चित्रे अशी की मुंबईसुद्धा न पाहिलेल्या मुलाला भूर्जाचे वन आणि गुडघाभर बर्फ ओळखीचे वाटावे. ज्या राज्याने ती छापली, ते राज्य १९९१ साली विसर्जित झाले. पुस्तके मात्र अनेक बालविभागांत आजही आहेत आणि त्यांनी निर्माण केलेली आपुलकीही आहे.

नेमका उलट दिशेचा दाखला कमी लोकांना माहीत असतो. अमेरिकेचा ‘पीएल ४८०’ या अन्नसाहाय्याच्या कायद्याखालचा गहू आपल्याकडे रेशनवर येत असे. तो रुपयांत विकला जाई आणि ते रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करावे लागत. त्या रुपयांचा एक लहानसा हिस्सा १९६२ पासून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेण्यासाठी वापरला गेला. शिकागोसारख्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मराठी कादंबऱ्या, संतसाहित्याच्या आवृत्त्या आणि नियतकालिके मोठ्या संख्येने जमली, ती या व्यवहारातून. पुढे मराठीचा अभ्यास करणाऱ्या परदेशी अभ्यासकांच्या पिढ्यांना ती कपाटे हाताशी मिळाली.

पहिल्या दाखल्यात पुस्तके आपल्याकडे आली आणि दुसऱ्यात आपली पुस्तके तिकडे गेली. दोन्हींचे नियोजन दुसऱ्यांनी केले होते. आपल्या जिल्ह्याच्या, तालुक्याच्या वाचनालयाने हे काम स्वतःच्या हिमतीवर आणि दोन्ही दिशांनी करावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे. ते मुख्यतः महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली अनुदान घेणाऱ्या ‘अ’ आणि ‘ब’ वर्गांच्या वाचनालयांचे कार्यवाह आणि ग्रंथपाल यांच्यासाठी लिहिले आहे. पण ‘क’ वर्गाच्या वाचनालयालाही यातील निम्म्याहून अधिक गोष्टी करता येतील. हे आपले काम आहे का, अशी शंका कार्यकारी मंडळात हमखास निघते. तिचे उत्तर सरळ आहे. युनेस्कोने १९४९ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला जाहीरनामा काढला, तेव्हापासून देशादेशांतील सामंजस्य हे ग्रंथालयाचे काम मानले गेले आहे, आणि त्याच विचारातून १९५१ साली भारत सरकार आणि युनेस्को यांनी मिळून जुन्या दिल्लीच्या रेल्वे स्थानकासमोर दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय उभे केले.

आधी आपल्या गावचा धागा शोधावा

अनेक वाचनालयांची सुरुवात इथेच चुकते. कोणीतरी सुचवते, ‘आपण जपानी दालन करू’, आणि दूतावासाला पत्र जाते. जपानशी गावाचा काडीचा संबंध नसतो, त्यामुळे उत्तर आले तरी दालनात बसायला कोणी येत नाही. दूतावासाच्या यादीऐवजी आपल्या गावच्या इतिहासापासून सुरुवात करावी. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या बाबतीत असे धागे वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत राजवटीने सैबेरियाकडे हद्दपार केलेली पोलिश कुटुंबे इराणमार्गे भारतात आली आणि त्यांतील सुमारे ५,००० माणसे, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत राहिली. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. ती गेल्यावर त्याच जागेवर फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित वसले आणि आजचे गांधीनगर, ज्याची कापड बाजारपेठ सर्वांना ठाऊक आहे, उभे राहिले. या छावणीची आठवण सांगणारे स्मारक पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली. पोलंडमध्ये ‘कोल्हापूर’ हा शब्द कोणत्याही जाहिरातीविना ओळखला जातो. त्या परिसरातील वाचनालयाने पोलंडशी पत्रव्यवहार सुरू केला, तर ओळख करून देण्यात एक ओळही खर्च करावी लागणार नाही.

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस सांगावे लागत नाहीत. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारला. चीनमधील शिच्याच्वाङ् येथे त्याचे स्मारक आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग यांचा धागा मॉरिशसशी जुळतो. १८३४ पासून तेथे गेलेल्या मजुरांत कोकणातील मराठी माणसेही होती, त्यांच्या वंशजांची मुले आजही शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. रायगड जिल्ह्याचा धागा इस्रायलशी आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातील मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांची पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावेच अलिबाग-पेण परिसराचा नकाशा आहेत आणि इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले आहे. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते आणि त्याच्याकडील पोर्तुगीज ग्रंथ व वृत्तपत्रे पाहण्यासाठी अभ्यासकांना पणजीलाच यावे लागते.

आपल्या गावाचा असा मोठा धागा नसला तरी थांबू नये. जिल्ह्याचे गॅझेटियर, शाळेची शताब्दी स्मरणिका, ख्रिस्ती दफनभूमीतील शिळांवरील नावे, मिशन रुग्णालयाची जुनी कागदपत्रे आणि गावातून परदेशी गेलेल्या कुटुंबांची यादी एवढ्या पाच ठिकाणी शोधावे. दोन महिने पुरतात. जे सापडेल त्याचे दोन पानी टिपण करावे आणि प्रत्येक विधानापुढे ते कोठून घेतले हे लिहावे, कारण ‘असे म्हणतात’ या दोन शब्दांवर पुढचा पत्रव्यवहार उभा राहत नाही.

या टप्प्यात एका कामाला अजिबात विलंब लावू नये. वळिवड्याची छावणी उठली तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ८५ ओलांडून गेला आहे. ज्यांनी छावणीला दूध घातले, भाजी नेली, त्या मुलांबरोबर विटीदांडू खेळला, अशी माणसे हयात असतील तर त्यांच्या घरी जाऊन, घरच्यांच्या परवानगीने, मोबाइलवर का होईना, ध्वनिमुद्रण करून घ्यावे. मुद्रणाच्या सुरुवातीला तारीख, स्थळ आणि बोलणाऱ्याचे संपूर्ण नाव त्यांच्याच तोंडून वदवावे. पाहुण्यांना देण्यासाठी याहून मोलाची वस्तू आपल्याकडे दुसरी नसते.

पत्र कसे लिहावे

मुंबईत अनेक देशांचे वाणिज्य दूतावास आहेत, पोलंडचाही आहे. जर्मनीसाठी मुंबई आणि पुणे येथे मॅक्सम्युलर भवन, फ्रान्ससाठी अलियाँस फ्राँसेझ, रशियासाठी मुंबईत पेडर रोडवरील सांस्कृतिक केंद्र, पोर्तुगालसाठी पणजीत फुंदासाँव ओरियेंत, अशा संस्थाही आहेत. कोरियाचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि शांघायचे ग्रंथालय हे तर परदेशी ग्रंथालयांना पुस्तके देण्याचे स्वतंत्र उपक्रम चालवतात. पत्र शेवटी इंग्रजीतूनच जाईल, पण मसुदा आधी मराठीत करून मंडळापुढे वाचावा, म्हणजे आपण काय मागत आहोत हे सर्वांना नीट कळते. अशा मसुद्याचा गाभा पुढीलप्रमाणे असावा:

‘आमचे वाचनालय कोल्हापूर जिल्ह्यात असून ते नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. आमच्या तालुक्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिच्या आठवणी सांगणाऱ्या सात ज्येष्ठ नागरिकांची ध्वनिमुद्रणे आम्ही केली असून त्यांची मराठी संहिता आमच्याकडे आहे. ही संहिता आपल्या देशातील अभ्यासकांना विनामूल्य उपलब्ध करून देण्याची आमची इच्छा आहे. त्याबरोबरच, पोलिश कवितेचे मराठी आणि मूळ भाषेतील वाचन आम्ही आमच्या सभागृहात करू इच्छितो. मूळ कविता वाचू शकेल अशी व्यक्ती सुचवावी आणि समकालीन पोलिश साहित्याच्या इंग्रजी अनुवादांची यादी द्यावी, अशी विनंती आहे.’

या पत्रात आधी देणे आहे आणि मग मागणे. मागणे लहान आहे, नेमके आहे आणि त्यात पैसा नाही. दूतावासातील सांस्कृतिक विभागाच्या अधिकाऱ्याकडे रोज ‘सहकार्याची अपेक्षा’ करणारी पत्रे येत असतात, आणि यादी व एक नाव मागणाऱ्या पत्राला ‘हो’ म्हणणे त्याला सोपे जाते. पत्रासोबत संस्थेचा नोंदणी क्रमांक, वर्ग, सभासदसंख्या, सभागृहातील आसनसंख्या आणि इमारतीचे एक छायाचित्र जोडावे. हार घातलेल्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे जोडू नयेत. वाचत बसलेल्या माणसांचे एकच छायाचित्र पुरेसे बोलके असते. तीन आठवड्यांत उत्तर आले नाही तर दूरध्वनी करावा. त्याने कोणी रागावत नाही.

पैसा, पुस्तके आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी कोषाध्यक्षांसह बसून वाचावा, कारण चांगल्या हेतूने केलेली चूक येथे संस्थेच्या अंगाशी येऊ शकते. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० नुसार परदेशी सरकार, परदेशी संस्था किंवा परदेशी नागरिक यांच्याकडून संस्थेने पैसा घ्यायचा असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत, अशी अट आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावा लागतो. पुष्कळांना ठाऊक नसते ते पुढेच आहे: ‘अंशदान’ म्हणजे केवळ पैसा नव्हे, वस्तूही त्यात येतात. पुस्तकांचा संच ही वस्तूच आहे. म्हणून दूतावासाने पुस्तके देऊ केली तर ती स्वीकारण्यापूर्वी आपल्या सनदी लेखापालांचा लेखी सल्ला घ्यावा.

गावातून अमेरिकेला गेलेल्या माणसाने देणगी देऊ केली, तर त्याच्याकडे कोणत्या देशाचे पारपत्र आहे हे विचारण्यात संकोच करू नये. भारतीय नागरिकाने परदेशातील कमाईतून बँकेमार्फत दिलेली वैयक्तिक देणगी या कायद्याखाली विदेशी ठरत नाही. पण तोच माणूस अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ती विदेशी ठरते. आडनाव कुलकर्णी आहे की जाधव, याने काही फरक पडत नाही.

बहुतेक लहान वाचनालयांसाठी माझा सल्ला असा की, या वाटेला सुरुवातीला जाऊच नये. दूतावासाकडून फक्त याद्या, माहिती आणि माणसे मागावीत. पाहुण्याचा प्रवास आणि मुक्काम ते परस्पर पाहतात, सभागृह आणि श्रोते आपण देतो, आणि पुस्तके आपण आपल्या अनुदानातून व वर्गणीतून विकत घेतो. वर्षाला पंधरा-वीस निवडक पुस्तके घेतली तरी पाच वर्षांत एक कपाट भरते, आणि त्यातले प्रत्येक पुस्तक आपण निवडलेले असते.

निवडीचा हा आग्रह उगाच नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयात एका परदेशी कार्यालयाकडून तीन खोकी पुस्तके आली होती. आम्ही उत्साहाने उघडली, तर आत त्यांच्या औद्योगिक प्रगतीची गुळगुळीत कागदावरची पुस्तके, एकाच पुस्तकाच्या चौदा प्रती आणि नेत्यांच्या भाषणांचे संग्रह निघाले. परत पाठवणे अवघड आणि कपाटात लावणे त्याहून अवघड, अशा स्थितीत ती सहा वर्षे माळ्यावर पडून होती. दोष आमचाही होता, कारण यादी न मागता आम्ही ‘आभारी आहोत’ असे उत्तर धाडले होते. तेव्हापासून मंडळाने ठराव केला आहे: भेट पुस्तकांची यादी आधी पुस्तक निवड समितीपुढे येईल, समिती निवडेल तेवढीच पुस्तके घेतली जातील आणि कोणत्याही देशाच्या कपाटात त्या देशाच्या राज्यकर्त्यांना न आवडणारे लेखकही असतील. असा ठराव आपल्या वाचनालयानेही आधीच करून ठेवावा. नंतर नाही म्हणणे व्यक्तिगत वाटते. ठराव दाखवला की कोणाचा मान दुखावत नाही.

पाहुणा एखाद्या सभासदाच्या घरी उतरणार असेल तर यजमानाने परदेशी नागरिकाच्या मुक्कामाची माहिती, म्हणजे पूर्वीचा ‘फॉर्म सी’, २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावयाची असते. दूतावासाचा अधिकारी येणार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि पोलीस ठाणे यांना आधी लेखी कळवावे. दोन्ही कामे अर्ध्या तासाची आहेत.

पुस्तके आल्यावर

पुस्तक दाखल नोंदवहीत चढवताना लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव देवनागरीत कसे लिहायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. इंग्रजी अक्षरांवरून अंदाजाने लिहू नये. पोलंडमधील ज्या शहराचे नाव आपण नकाशावर पाहून ‘लोड्झ’ वाचतो, त्याला पोलिश माणूस ‘वूच’ म्हणतो, आणि क्राकोव्हला ‘क्राकुफ’. उच्चार त्या भाषेच्या जाणकाराला विचारून एकदा ठरवावा आणि त्याची वही ठेवावी. देवघेव खिडकीवर वाचक जे नाव उच्चारेल ते तालिकेत सापडले पाहिजे, म्हणून रूढ आणि मूळ अशा दोन्ही उच्चारांच्या नोंदी कराव्यात.

पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारे दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथपालांना एक गंमत जाणवेल. मराठी साहित्य ८९१.४६, रशियन ८९१.७ आणि पोलिश ८९१.८५. आपली आणि त्यांची पुस्तके वर्गांकाने एकाच फळीवर येतात. स्वतंत्र ‘परदेशी कपाट’ करण्याऐवजी ती तशीच शेजारी लावावीत असे माझे मत आहे, कारण वेगळे कपाट पाहुण्यांना दाखवायला चांगले असते, पण मराठी कवितासंग्रह शोधणारा वाचक त्याच्याकडे फिरकत नाही. पहिले सहा महिने दर्शनी भागात मांडणी करावी आणि मग पुस्तके आपापल्या जागी जाऊ द्यावीत.

आणखी एक काम अवश्य करावे. पुस्तक इंग्रजी अनुवाद असले तर त्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर मराठीत आठ-दहा ओळींची चिठ्ठी चिकटवावी: लेखक कोण, पुस्तक कशाबद्दल आहे आणि ते वाचण्यापूर्वी त्या देशाच्या इतिहासातील कोणती एक गोष्ट माहीत असावी. ही चिठ्ठी ग्रंथपालाने एकट्याने न लिहिता वाचकांकडून लिहून घ्यावी. निवृत्त शिक्षक हे काम मनापासून करतात, आणि ज्याने चिठ्ठी लिहिली तो पुढे चार जणांना ते पुस्तक वाचायला लावतो.

वाचनाची संध्याकाळ

आपल्याकडील कार्यक्रमांचा एक साचा आहे: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, तीन मनोगते, अध्यक्षीय भाषण आणि आभार. पाहुण्याला बोलायला मिळते तेव्हा दीड तास उलटलेला असतो आणि मागच्या रांगा रिकाम्या झालेल्या असतात. आदरातिथ्य आपल्या रक्तात आहे आणि ते सोडावे असे मी म्हणणार नाही. पण सत्कार चहाच्या वेळी करावा आणि व्यासपीठ कवितेसाठी ठेवावे.

द्विभाषिक वाचन पुढीलप्रमाणे आखावे. सहा कविता निवडाव्यात, त्याहून अधिक नकोत. प्रत्येक कविता आधी मूळ भाषेत वाचली जावी आणि ते वाचन दोन मिनिटांच्या आत संपावे. अर्थ कळत नसताना नाद ऐकणे हा वेगळा आनंद आहे, पण तो लांबला की श्रोते चुळबुळ करू लागतात. मग क्षणभर थांबून त्याच कवितेचा मराठी अनुवाद वाचावा. वाचणारा गावातला असावा आणि त्याने आधी तीनदा तरी मोठ्याने सराव केलेला असावा. श्रोत्यांच्या हाती एक कागद द्यावा, ज्यावर डावीकडे मूळ कविता देवनागरी उच्चारांत आणि उजवीकडे मराठी अनुवाद असेल. सहा कविता झाल्या की आपल्याकडील दोन कविता पाहुण्याला ऐकवाव्यात, त्यांचा इंग्रजी अर्थ आधी छापून द्यावा, आणि त्यांतील एक तरी ओवी किंवा अभंग चालीवर म्हटलेला असावा. चालीवर म्हटलेला अभंग ऐकल्यावर पाहुणा जे प्रश्न विचारतो, त्यांतून खरे संभाषण सुरू होते. सगळे मिळून सव्वा तास. नंतर चहा, पोहे आणि हवे तेवढे बोलणे.

आपल्या प्रताधिकार कायद्यानुसार प्रकाशित साहित्यातील वाजवी उतारा जाहीरपणे वाचता येतो, पण नवा अनुवाद करून तो छापायचा असेल तर मूळ हक्कधारकाची परवानगी लागते. भारतात साहित्यावरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हातात दिलेला कागद हेसुद्धा छापणेच आहे, म्हणून जिवंत कवींच्या आणि मृत्यूला ६० वर्षे न झालेल्या कवींच्या कवितांसाठी परवानगी मागावी. अशा कारणासाठी ती बहुधा आनंदाने मिळते.

आपण काय पाठवावे

येणाऱ्या पुस्तकांची चर्चा मंडळात तासभर होते आणि जाणाऱ्या पुस्तकांची पाच मिनिटेही होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या दर्जाचा परदेशातील वाचकाला उपयोग व्हायचा असेल तर मराठी पुस्तक त्याच्या ग्रंथालयात असले पाहिजे.

गावच्या वाचनालयाने मोठ्या प्रकाशकांची गाजलेली पुस्तके पाठवण्यात अर्थ नाही. ती तेथे इतर मार्गांनी पोहोचतात. आपण ते पाठवावे जे दुसरे कोणी पाठवणार नाही: तालुक्याच्या इतिहासाची पुस्तिका, बोलीतील म्हणींचा संग्रह, जात्यावरच्या ओव्यांची वही, शाळेची स्मरणिका, यात्रेची माहितीपत्रिका. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चे दिल्ली कार्यालय आजही मराठी प्रकाशने मिळवते आणि सहभागी अमेरिकी ग्रंथालयांपर्यंत पोहोचवते, म्हणून आपल्या संस्थेने काही प्रसिद्ध केले की त्याची माहिती त्यांना कळवावी. प्रत्येक पुस्तिकेसोबत एक पान इंग्रजी सारांश जोडावा. त्याविना ती तेथेही माळ्यावरच जाईल.

मॉरिशसच्या बाबतीत देण्यासारखी आणखी मोठी गोष्ट आपल्याकडे आहे. तेथील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरित मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. आपले मूळ गाव शोधणाऱ्या वंशजाच्या हातात अशा नोंदीची नक्कल असते, आणि तिच्यात गावाचे नाव इंग्रजी कारकुनाच्या कानावर पडले तसे लिहिलेले असते. ते वाचून हे नाव कोणत्या तालुक्यातील कोणत्या वाडीचे असू शकते, हे सांगणारा माणूस मोक्यात नसतो. तो रत्नागिरीत किंवा मालवणात असतो. १८८० साली प्रसिद्ध झालेले रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियर, तालुक्यातील महसुली गावांची यादी, वाड्यांची बोलीतील नावे आणि आडनावांची माहिती एवढे साहित्य एका टेबलावर मांडून दोन जाणते सभासद महिन्यातून एक दिवस बसले, तरी अशा पत्रांना उत्तरे देता येतील. उत्तर देताना खात्री आणि शक्यता वेगळ्या लिहाव्यात. ‘हेच तुमचे गाव’ असे खात्रीविना सांगून कोणाला भलत्याच उंबऱ्यावर डोके टेकवायला लावू नये.

संबंध बिघडतात तेव्हा

दोन देशांत तणाव निर्माण झाला की कोणीतरी येऊन विचारते, ‘यांची पुस्तके अजून कशाला ठेवलीत?’ चीनशी १९६२ मध्ये युद्ध झाले, २०२० मध्ये गलवानला आपले जवान हुतात्मा झाले, आणि तरीही डॉ. कोटणिसांविषयीचा आदर दोन्हीकडे राहिला. अशा वेळी नवे जाहीर कार्यक्रम काही काळ थांबवणे शहाणपणाचे असते. पुस्तके काढणे नव्हे. उलट त्या देशाविषयीच्या पुस्तकांची मागणी तेव्हाच वाढते आणि वाचकाला वृत्तवाहिनीपेक्षा अधिक काही देण्याची ती वेळ असते. सीमावादावरची भारतीय लेखकांची पुस्तके आणि त्या देशातील कादंबऱ्या शेजारी मांडाव्यात. कोणी तक्रार केली तर तोंडी वाद न घालता ती लेखी घ्यावी आणि पुस्तक निवड समितीपुढे ठेवावी. परदेशी कार्यालयाकडून एखादे पुस्तक हटवण्याची सूचना आली, तर तिलाही हीच रीत लावावी.

नोंदी

परदेशाशी झालेला सर्व पत्रव्यवहार एका स्वतंत्र धारिकेत ठेवावा, ईमेलच्या छापील प्रतींसह, कारण कार्यवाह बदलला की ईमेलचा परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. कार्यक्रमाला किती जण आले यापेक्षा त्यानंतरच्या तीन महिन्यांत त्या विषयावरील किती पुस्तके बाहेर गेली, हा आकडा देवघेव नोंदींवरून काढून वार्षिक अहवालात द्यावा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना दाखवण्यासारखा पुरावा तोच आहे. दूतावासांतील अधिकारी काही वर्षांनी बदलून जातात. आपल्या ओळखीचा अधिकारी जाणार असे कळताच त्याच्याकडून नव्या अधिकाऱ्याचे नाव घ्यावे, आणि तो रुजू झाल्यापासून महिनाभरात, झालेल्या कार्यक्रमांचा एक पानी वृत्तान्त आणि आपली नवी पुस्तिका जोडून, त्याला पहिले पत्र धाडावे.